दुर्गम म्हणजे कुणापासून दूर? अक्राणी महाल, स्कॉटलंडची बेटं आणि कचेरीचं अंतर

आजच्या विषयाचं नाव ऐकून दोघातिघांनी दारातच विचारलं की पाचोऱ्यात बसून स्कॉटलंडच्या बेटांचं काय काम. रास्त प्रश्न आहे. उत्तर देण्याआधी आम्हीच एक प्रश्न विचारतो. इथून धडगावला किती जण गेले आहेत? हात वर करा. तीन. बरं, मुंबईला किती जण गेलेत? ते मोजायलाच नको.

धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्याचं ठिकाण. नकाशावर ते आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. पण जायचं कसं? अमळनेर करायचं, दोंडाईचा करायचं, सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडायचा, शहादा गाठायचं आणि मग सातपुड्याचा घाट चढायचा. सारंगखेड्यापर्यंत आपली माणसं जातात, घोडेबाजार आहे, दत्ताची यात्रा आहे. त्याच्या पुढे मात्र आपला खान्देश संपतो असंच आपण धरून चालतो. सरकारी कागदात त्या भागासाठी एक ठरलेला शब्द आहे, दुर्गम. आज आपण या एकाच शब्दाचा इतिहास बघणार आहोत. दुर्गम म्हणजे दूर, पण कुणापासून दूर? धडगावच्या माणसाला धडगाव दूर नाही. ते दूर आहे कचेरीपासून. आणि कचेरी कुठे बसवायची हे डोंगर ठरवत नाही, माणसं ठरवतात.

हे नीट दिसावं म्हणून आधी बेटांकडे जाऊ.

स्कॉटलंडच्या वायव्येला, मुख्य भूमीपासून समुद्राच्या पट्ट्यानं तोडलेली बेटांची एक लांब माळ आहे. तिला बाह्य हेब्रिडीज म्हणतात. उत्तरेकडून खाली येताना लुईस, हॅरिस, नॉर्थ युइस्ट, बेनबेक्युला, साउथ युइस्ट, बॅरा अशी मोठी नावं लागतात. माळेची लांबी सुमारे २१० किलोमीटर. लहानमोठी शंभराहून जास्त बेटं, पण माणसं राहतात ती जेमतेम पंधरा बेटांवर. सगळं मिळून क्षेत्रफळ आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या साधारण निम्मं, आणि लोकसंख्या २०२२ च्या मोजणीत सुमारे २६ हजार. म्हणजे पाचोरा शहराच्या निम्मेही लोक नाहीत. झाडं कमी, वारा फार, जमीन खडकाळ आणि दलदलीची. बॅरा बेटावर विमान येतं ते समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं, त्यामुळे विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. इथल्या लोकांची जुनी भाषा गॅलिक. इंग्रजीशी तिचं जवळचं नातं नाही, ती आयर्लंडच्या भाषेची बहीण.

आता प्रशासन बघा. लुईस आणि हॅरिस ही नावं दोन, पण जमीन एकच आहे. मध्ये समुद्र नाही, डोंगर आहेत. तरीही लुईस होतं रॉस अँड क्रोमार्टी परगण्यात, आणि हॅरिसपासून खाली बॅरापर्यंतची सगळी बेटं होती इन्व्हरनेस परगण्यात. १८८९ च्या कायद्यानं परगण्यांच्या निवडून दिलेल्या परिषदा आल्या, त्याही याच रेघेवर. म्हणजे लुईसच्या माणसाचं परगण्याचं ठिकाण समुद्रापार डिंगवॉलला आणि शेजारच्या हॅरिसवाल्याचं समुद्रापार इन्व्हरनेसला. दोघे एकच भाषा बोलणार, एकाच जमिनीवर राहणार, पण रस्त्याचा अर्ज दोन वेगळ्या गावांना जाणार, आणि ती दोन्ही गावं पाण्यापलीकडे. हे किती साली बदललं? १९७५ साली. तेव्हा पहिल्यांदा सगळ्या बेटांची मिळून एक परिषद झाली आणि तिचं ठिकाण लुईसवरच्या स्टॉर्नोवे गावात आलं.

या स्टॉर्नोवेचा आपल्याशी एक धागा आहे. कॉलिन मॅकेन्झी नावाचा एक मुलगा १७५४ च्या सुमारास त्या गावात जन्मला. तिथल्या जकात कार्यालयात त्यानं नोकरी केली, १७८३ साली कंपनीच्या फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १८१५ साली भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. खान्देश इंग्रजांकडे गेला १८१८ साली, तेव्हा देशभरच्या मोजणी खात्याचा प्रमुख हाच माणूस होता. ज्याचं स्वतःचं गाव सत्तेच्या ठिकाणापासून इतकं दूर, त्याच्या हाताखाली आपल्या मुलखाचे नकाशे निघत होते.

चला, आता आपल्या मुलखात या.

खान्देश म्हणजे मुळात तापीचं खोरं. दक्षिणेला आपला अजिंठ्याचा डोंगर, उत्तरेला सातपुडा, मध्ये काळी जमीन, कापूस, केळी. पण पश्चिमेकडे सातपुडा ही एक भिंत नाही, त्याच्या ओळीमागे ओळी आहेत. त्या ओळींच्या मधल्या पठारावर अक्राणी आहे, आणि पलीकडे उतार थेट नर्मदेत जातो. महाराष्ट्राला नर्मदा लाभली आहे ती फक्त ५४ किलोमीटर, आणि ती इथेच. याच भागात तोरणमाळ आहे, १३२५ मीटर उंचीचं अस्तंभ्याचं शिखर आहे, जिथे दिवाळीत यात्रा भरते. पावसाळ्यात नाले भरले की पाड्यांचा एकमेकांशी संबंध तुटायचा. तेव्हा बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही.

१८१८ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशचा पोलिटिकल एजंट म्हणून आला आणि त्यानं आपलं ठाणं धुळ्याला केलं. इथून आपल्या गोष्टीतली मोठी रेघ सुरू होते. धुळं का? आग्रा रोडवर आहे, मुंबईकडे आणि माळव्याकडे फौज हलवायला सोयीचं आहे. सातपुड्यातल्या माणसाला किती दिवस चालावं लागेल हा विचार त्यात नव्हता, असणारही नव्हता. पहिली काही वर्षं डोंगरातल्या भिल्लांशी लढण्यात गेली. ते काही जमेना. मग १८२५ मध्ये धोरण बदललं. खान्देशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या आणि लेफ्टनंट जेम्स औट्रमनं भिल्ल कोअर उभी केली, तिचं ठाणं आपल्या शेजारच्या धरणगावला. चाळीसगावहून कन्नडला चढताना जो औट्रम घाट लागतो ना, तो याच औट्रमच्या नावाचा. आपण रोज नाव घेतो, पण ते नाव तिथे कसं आलं हे विसरतो.

आता नीट लक्ष द्या. डोंगरातला सगळा भाग एका पद्धतीनं चालवला गेला नाही. अक्राणी हा महाल. महाल म्हणजे तालुक्याच्या खालची पायरी, तिथे मामलेदार नाही, महालकरी बसणार. नवापूर हा पेठा. आणि त्याच्या बाजूला मेवासी मुलूख, म्हणजे काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी आणि चिखली. हे सहा छोटे सरदार, त्यांच्यावर पोलिटिकल एजंट म्हणून खान्देशचाच कलेक्टर. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स कायद्याच्या यादीत सिंध आणि एडनच्या जोडीला या सहा सरदारांची गावं नावानिशी आहेत. काठीचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे अशी. आजही नंदुरबारच्या मतदार यादीत हीच आडनावं सगळ्यात जास्त दिसतील. काठीची राजवाडी होळी तर तुम्ही टीव्हीवर बघितलीच असेल.

या कायद्याचा अर्थ काय? तर इकडचे सर्वसाधारण कायदे तिकडे आपोआप लागू होणार नाहीत, सरकार ठरवेल तेवढेच लागू होतील. त्यात एक चांगली बाजू होती. सावकाराला आणि दिवाणी कोर्टाला डोंगरात मोकळं रान मिळू नये, हा हेतूही त्यात होता. पण दुसरी बाजू अशी की कायद्याबरोबर मोजणी, शाळा, रस्ता हे सगळंच बाहेर राहिलं. पुढे १९३५ च्या कायद्याखाली 'अंशतः वगळलेली क्षेत्रं' ठरली, त्यात अक्राणी महाल, नवापूर पेठा, मेवासी गावं आली, शिवाय शहादा, नंदुरबार आणि तळोदा. आपल्या पूर्व खान्देशातलं सातपुड्याचं राखीव जंगलही त्यात होतं. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची पाचवी अनुसूची आली, आणि १९९६ साली ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा. नावं बदलत गेली, पण नकाशावरचा तुकडा जवळपास तोच राहिला.

आता आपलं स्वतःचं बघा. जुना खान्देश जिल्हा सुमारे १० हजार चौरस मैलांचा. एवढा जिल्हा एका कलेक्टरला झेपेना म्हणून १९०६ साली त्याचे दोन केले. पूर्व खान्देशचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळं. म्हणजे पाचोऱ्याला कचेरी जवळ आली ती १९०६ मध्येच. रेल्वे तर त्याच्याही आधीची. जळगावला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सवय आपल्याला चार पिढ्यांची आहे. पुढे जामनेरला जायला पीजे आली, ती छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांनी बघितली आहे, तिच्या फाटकात थांबलो आहोत. अक्राणीच्या माणसासाठी मात्र १९०६ नंतरही धुळंच. घाट उतरा, तापी ओलांडा, धुळ्याला मुक्काम करा. साहेब दौऱ्यावर असले तर पुन्हा या. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. आपल्यानंतर ९२ वर्षांनी. तोवर त्या डोंगराची स्थिती हॅरिस आणि लुईससारखीच होती. ठिकाण आहे, पण पाण्यापलीकडे.

कुणी म्हणेल, दोन दिवस जास्त लागले, त्यात एवढं काय बिघडलं? इथे खरी गोष्ट सुरू होते. कचेरी म्हणजे कागद. सातबाऱ्यावर नाव आहे की नाही, यावर माणसाचं काय काय अवलंबून असतं हे पाचोऱ्यात कुणाला सांगायला नको. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात बरीच गावं वनगावं होती. जमीन वनखात्याची, कसणारा तीन-चार पिढ्यांचा, पण नोंद नाही. नोंद नाही म्हणून तो स्वतःच्याच शेतात अतिक्रमणदार.

बेटांवरही हेच होतं. जमीन मोठ्या जमीनदारांची, कसणारे छोटी कुळं. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावंच्या गावं उठवली गेली, माणसं जहाजात बसवून कॅनडाला पाठवली गेली. कागद कुळाच्या बाजूनं नव्हता. मग आंदोलनं झाली, आणि १८८३ साली नेपियर आयोग नेमला गेला. या आयोगानं केलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. तो बेटांवर स्वतः गेला आणि लोकांच्या साक्षी गॅलिकमध्येही घेतल्या, दुभाषे बसवून. १८८६ साली कायदा झाला. कुळाला जमिनीवरून उठवता येईना आणि कसण्याचा हक्क वारसाला जाऊ लागला. आपल्याकडे जंगलातल्या कसणाऱ्याचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा झाला २००६ साली. मधलं अंतर १२० वर्षांचं.

आणि त्या १२० वर्षांत नर्मदेवर धरण आलं. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पाणी पहिल्यांदा आलं ते मणिबेलीत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. लवादानं जमिनीच्या बदल्यात जमीन म्हटलं होतं, किमान दोन हेक्टर. पण कुणाला? ज्याची जमीन संपादन झाली त्याला. संपादन कुणाची होणार? ज्याची नोंद आहे त्याची. बघा, धुळ्याचं अंतर इथे कुठे येऊन पोचलं. जो बाप कधी कचेरीत जाऊ शकला नाही, त्याच्या मुलाला आता सिद्ध करायचं होतं की आम्ही इथे राहत होतो. त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. काही कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत आली, तर काही आपल्याच गावात डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली.

आणि त्या वर सरकलेल्यांचं काय झालं? पाणी दऱ्यांमधून आत शिरलं, टेकड्या सुट्या झाल्या. अक्राणीचे काही पाडे आता खरोखरच बेटांसारखे आहेत. दवाखान्याला जायला बोट, बाजाराला बोट. आरोग्य खात्यानं नर्मदेत बोटीवरचा दवाखाना सुरू केला तो त्यामुळेच. आपण सुरुवातीला बेट हा शब्द उपमा म्हणून वापरला होता. तिथे ती उपमा राहिलेली नाही.

हेब्रिडीजच्या आणखी पश्चिमेला सेंट किल्डा नावाचा एकटा बेटसमूह आहे. तिथल्या उरलेल्या माणसांनी सरकारला पत्र लिहिलं की आता इथे निभत नाही, आम्हाला न्या. २९ ऑगस्ट १९३० ला ती ३६ माणसं बोटीत बसली. ही गोष्ट तिकडे शाळेत सांगतात, त्यावर पुस्तकं आहेत. घर सोडणं तिथेही सोपं गेलं नसणार. पण त्यांनी मागितलं आणि मग ते घडलं. मणिबेलीत आधी घडलं आणि मग लोकांना मागावं लागलं. या दोन्हींत फरक आहे, आणि तुलना करताना तो झाकून चालणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, भाषेचा. कचेरी जवळ आली की सगळं सुटलं का? बेटांकडे बघू. १८७२ च्या स्कॉटलंडच्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा उल्लेखच नव्हता. पोरं शाळेत गेली की इंग्रजीच. १९१८ च्या कायद्यात गॅलिकसाठी एक कलम आलं. १९७५ नंतर बेटांच्या परिषदेनं दोन्ही भाषांत कारभार करायचं धोरण घेतलं. १९९७ साली परिषदेनं आपलं इंग्रजी नाव सोडलं आणि फक्त गॅलिक नाव ठेवलं, त्याचा अर्थ पश्चिम बेटांची परिषद. २००५ साली भाषेसाठी स्वतंत्र कायदा झाला. आणि तरीही आकडे काय सांगतात? २०११ मध्ये तिथे सुमारे ५२ टक्के लोक गॅलिक बोलणारे होते, २०२२ मध्ये ते सुमारे ४५ टक्क्यांवर आले. फलक गॅलिक झाले, कायदा झाला, पण शंभर वर्षं शाळेतून जी भाषा बाहेर ठेवली ती फलकानं घरात परत येत नाही. उशीर झाला की कचेरीसुद्धा पुरत नाही.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार लोक होते, त्यातले जवळपास ६९ टक्के आदिवासी. डोंगरात भिलोरी बोलतात, पावरी बोलतात. जिल्हा झाला, कलेक्टर नंदुरबारला बसले, पण अर्ज मराठीत, पंचनामा मराठीत, पहिलीचं पुस्तक मराठीत. नर्मदाकाठच्या लोकांनी आंदोलनातून जीवनशाळा काढल्या, त्यात मुलांना आधी स्वतःच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली. ते काम लोकांनी केलं, कचेरी मागून आली.

आणि आपण इथे हसून बघण्यासारखं काही नाही. ग्रिअर्सनच्या भाषा पाहणीचा जो खंड १९०७ साली निघाला, त्यात भिल्ली भाषांच्याच खंडात खान्देशीला बसवलं आहे. म्हणजे आपली अहिराणी आणि अक्राणीच्या बोली त्यानं एका पुस्तकात शेजारी ठेवल्या. नंतर आपण त्यांना मध्ये डोंगर घालून वेगळं केलं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषा नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते, गॅलिक बोलणाऱ्या सगळ्या स्कॉटलंडच्या कितीतरी पट. पण इथे या सभागृहात बसलेल्यांपैकी तहसील कचेरीच्या खिडकीवर अहिराणीतून बोलतो कोण? घरी 'काय करी ऱ्हायना' म्हणणारा माणूस खिडकीपाशी गेला की आवाज बदलतो, पाठ ताठ करतो, शब्द शोधायला लागतो. ती खिडकी आपल्यापासून दहा मिनिटांवर आहे, तरी तेवढ्यापुरतं आपणही दुर्गमच होतो. मग ज्याला मराठी ही दुसरी नाही, तिसरी भाषा आहे, त्याचं त्या खिडकीपाशी काय होत असेल?

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'दुर्गम भागात' असं वाचलं की दोन गोष्टी विचारायच्या. कचेरी किती लांब आहे, आणि ती कोणत्या भाषेत ऐकते. जिल्ह्याचं ठिकाण हलवायला सरकार लागतं आणि ९२ वर्षं लागू शकतात. दुसरी गोष्ट मात्र रोजची आहे. आज या सभागृहात शिक्षक आहेत, तलाठी आहेत, बँकेतली माणसं आहेत, दोघे-तिघे नंदुरबारकडे नोकरीला आहेत हेही आम्हाला माहीत आहे. खिडकीच्या आतल्या बाजूला तुम्ही बसता. समोरचा माणूस अडखळला तर त्याची बोली तुम्हाला चार वाक्यं तरी यायला हवीत. पेसाची ग्रामसभा असेल तर ठराव आधी तिथल्या बोलीत वाचून दाखवला पाहिजे, सह्या आणि अंगठे नंतर.

आणि ज्यांना जमेल त्यांनी एकदा धडगावला जाऊन या. सारंगखेड्याच्या पुलावर थांबा, उत्तरेला बघा. पावसाळा सरला की सातपुड्याच्या ओळी एकामागे एक स्पष्ट दिसतात. आपला खान्देश तिथे संपत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. अहिराणीतून विचारले तरी चालतील.